पिवळ्या बोटांचे आमदार

रंगनाथमामांचा कागद ओळखायला खालची सही वाचावी लागत नसे. वरच्या कोपऱ्यात, नाहीतर घडीवर, नाहीतर थेट मजकुराच्या मधोमध अंगठ्याचा पिवळा ठसा असायचा. आमदार झाले तरी मामांनी हळद सोडली नव्हती, आणि बांधावर उभं राहून दुसऱ्याकडून काम करून घेणं त्यांना जमत नव्हतं. माघ-फाल्गुनात हळद शिजायला लागली की त्यांची दहाही बोटं पिवळीधमक व्हायची, ती पार पावसाळ्यापर्यंत तशीच. अधिवेशनाला मुंबईला जायच्या आधी मामी त्यांना राखेनं हात घासायला लावायच्या. त्यानं एवढंच व्हायचं, की हात पिवळेही दिसायचे आणि राखाडीही.

मी तालुक्याच्या पंचायत समितीत आवक-जावक टेबलावर होते. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्यापुढे यायचा. मी त्यावर शिक्का मारायची, नंबर टाकायची, रजिस्टरला चढवायची, आणि मग तो आत ज्याच्या त्याच्या टेबलावर जायचा. नोकरीचा बहुतेक काळ मी हेच काम केलं. लोकांना वाटतं की कारकुनाला माणसं दिसत नाहीत, नुसते कागद दिसतात. साफ खोटं आहे. कागदावरून माणूस इतका स्पष्ट दिसतो, की पुष्कळदा प्रत्यक्ष भेटायची इच्छाच उरत नाही. सगळा तालुका ज्यांना मामा म्हणायचा त्यांच्या बाबतीत मात्र उलटं झालं.

पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. नवीन निवडून आलेला आमदार म्हणजे मागेपुढे गाड्या, हार, घोषणा असं काहीतरी डोक्यात होतं. हे आले एकटे. अंगात चुरगळलेला पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. लोकांच्या बाकड्यावर बसले, नंबर आल्यावर उठून माझ्यापुढे कागद ठेवला. ओढ्यात टाकल्या जाणाऱ्या कचऱ्याबद्दलचा अर्ज होता.

"तारीख नाही. घेता येणार नाही," मी म्हटलं.

"उद्या टाकली त चालते का?"

"आज दिलात तर आजची टाका. उद्याचं उद्या बघू."

माझ्या मागे उभा असलेला शिपाई मला डोळ्यांनी खुणावत होता. मी वळून त्याच्याकडे पाहिलं, मग अर्जावरची सही पाहिली, आणि समोर कोण उभं आहे ते कळलं. पण एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणायचं तरी कसं? मामांनी कागद उचलला, बाकड्यावर टेकून तारीख टाकली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. परत नंबर आल्यावर म्हणाले, "बराबर हाय तुमचं. बिनतारखेचा कागद कोनच्याबी टेबलावर जाऊन झोपते." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'आवकताई' झाले. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, शंकाच आहे.

मामांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक झाडं आणि दुसरी वेळ. विधानसभेत ते फार बोलत नसत, पण बोलले की ते आमच्याकडच्याच गोष्टीवर. हळद शिजवायला आमच्याकडं बाभळीची लाकडं जाळायचे. हळद वसमतच्या बाजारात जायची आणि बाभळी धुरात. त्यावर मामांचं म्हणणं असं, की गावानं मिळून एकाच ठिकाणी वाफेवर हळद शिजवावी, म्हणजे लाकूड थोडक्यात भागतं. हे त्यांनी सभागृहात मांडलं तेव्हा आम्ही ऑफिसात मोबाईलवर पाहत होतो. बोलताना ते सारखे हात वर करत होते, आणि आम्ही सगळे त्यांच्या बोटांकडे बघत होतो. राखेचा काहीही उपयोग झालेला नव्हता.

वेळेचं वेड आम्हाला जास्त जाचायचं. त्यांच्या पिशवीत लाल पुठ्ठ्याची एक डायरी असे. कोणाचा अर्ज कधी दिला, कोणत्या टेबलावर किती दिवस बसला, हे सगळं तिच्यात. डायरी बाहेर निघाली की ऑफिसातल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागायचा. एकदा बांधकाम विभागातल्या एका बाबूला मामांनी एका रस्त्याच्या फाइलीबद्दल विचारलं. बाबू म्हणाला, "फाइल माझ्याकडे आलीच नाही, साहेब." मामा गोड हसले.

"हात दाखवा बरं."

बाबूनं काही न कळून दोन्ही हात पुढं केले. बोटांची टोकं पिवळी. सगळं ऑफिस हसलं, बाबू पण हसला, आणि फाइल त्याच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यातून निघाली. त्यानंतर काही दिवस लोक मामांच्या कागदाला हात लागला की लगेच जाऊन हात धुवायचे. बेसिनवरचा साबण आठवडाभरसुद्धा पुरेना.

झाडांच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. एका गावाच्या माळावर पाच वर्षांपूर्वी लावलेली झाडं कागदावर उत्तम वाढली होती. अहवालात 'घनदाट' असा शब्द होता. मामांनी अहवाल नीट वाचला, त्यावर आपला पिवळा अंगठा उठवला, आणि सगळ्या अधिकाऱ्यांना जेवायचं आमंत्रण दिलं. दिवस मे महिन्याचा, वेळ दुपारी एकची, जागा त्या घनदाट झाडीत. आम्हा कर्मचाऱ्यांनाही बोलावलं होतं.

माळावर सतरंज्या अंथरलेल्या होत्या. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा आणि गुळाची पोळी, सगळं मामींच्या देखरेखीखाली झालेलं. नव्हती ती फक्त सावली. गुडघ्याएवढी चार खुरटी झुडपं आणि बाकी रखरखीत माळ. मामा स्वतः ऐन उन्हात मांडी घालून बसले आणि एकेकाला आग्रह करू लागले. "साहेब, इकडं सरका, त्या झाडाच्या सावलीत." साहेब सरकले, म्हणजे नुसतेच सरकले, कारण सावली ताटाएवढीपण नव्हती. ठेचा आणि ऊन मिळून असं काही जमलं होतं, की एका साहेबांच्या टोपीतून पाण्याची धार लागली. पान उचलेपर्यंत मामांनी अहवालाचं नावसुद्धा काढलं नाही. पण त्या पावसाळ्यात त्या माळावर खरोखर झाडं लागली आणि उन्हाळ्यात त्यांना टँकरनं पाणीही मिळालं. तीच झाडं आता माणसापेक्षा उंच झाली आहेत.

मग त्यांनी एक नेम आणला. दरवर्षी आमच्याकडे आमसभा होते. आमदार अध्यक्ष असतात, सगळे अधिकारी समोर बसतात आणि तालुक्यातला कोणीही माणूस उठून प्रश्न विचारू शकतो. अशाच एका आमसभेत मामांनी ठराव करून घेतला, की पंधरा दिवसांपेक्षा जास्त जो कागद अडवेल, त्यानं स्वतः अर्जदाराच्या दारात जाऊन उशीर का झाला ते सांगायचं. फोन नाही, पत्र नाही, शिपाई पाठवणं नाही. आमच्या संघटनेनं निषेधाचं पत्र काढलं. ते पत्र मीच आवक केलं, तारखेसकट.

पहिल्यांदा ज्याला जावं लागलं तो पाणीपुरवठ्याचा कारकून फाशी जायला निघाल्यासारखा गेला आणि संध्याकाळी पिशवीभर बोरं घेऊन परत आला. अर्जदारानं त्याला ओसरीवर बसवलं, चहा पाजला, त्याचं गाऱ्हाणं ऐकलं आणि उलट धीर दिला, असं तो सांगत होता. हळूहळू कर्मचाऱ्यांना या नेमाची भीती वाटेनाशी झाली. पौषात शेतांत हुरडा सुरू झाला तसे काही जणांच्या टेबलावर अर्ज जरा जास्तच रेंगाळायला लागले. मामांनी महिनाभर पाहिलं आणि ठरावात एक ओळ वाढवली: हुरडा खायचा नाही. अर्ज लगेच वेगानं निघायला लागले.

असा हा माणूस एका गोष्टीत चुकला, आणि ती गोष्ट मला सांगायची आहे.

खांबेवाडीचं गायरान म्हणजे मामांचं स्वप्न होतं. त्या उघड्या माळावर झाडी उभी करायची, तीही आपल्या मातीतली. कडुनिंब, बाभूळ, बोर, हिवर, पळस. शोभेचं एकही झाड नको. रोपं लहान आहेत तोवर जनावरं आत येऊ नयेत म्हणून चहूबाजूंनी खोल चर खणायचा होता. नकाशा मंजूर होता, मशीन येणार होतं. पावसाआधी चर झाला नाही तर झाडं त्या साली लागणार नव्हती. त्याच आठवड्यात, मेच्या अखेरीला, आमसभा आली.

मंडप खचाखच भरला होता. मामा रंगात होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. खांबेवाडीची तुळसाबाई, मेंढरं राखणारी. माईक पुढं केला तर तिनं तो हातानं बाजूला सारला, तिच्या आवाजाला त्याची गरज नव्हती.

"मामा, माझ्या अर्जाचं काय झालं? फागून गेला, चैत गेला, वैशाख बी गेला."

"कशाचा अर्ज, बाई?"

"वाटेचा. गायरानातून तळ्यावर जायाची वाट हाय आमची. तुमी भवतीनं चर खंदून राह्यले. मंग मेंढरं पान्यावर न्यू कशी? तिकडून येढा घालून न्यायाचं म्हनलं त गाभन मेंढ्या वाटंतच बसतील. इकाव्या लागतील समद्या. आन् मेंढरं इकून मी काय करू या वयात? हात जोडून बसू?"

मामांचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. त्यांनी डायरी काढून टेबलावर आपटली. "तीन महिने! कोनाच्या टेबलावर बसला हा कागद?" सगळे अधिकारी एकमेकांकडे बघू लागले आणि मग, साहजिकच, सगळे माझ्याकडे. मी रजिस्टर आणलेलंच होतं. फाल्गुनापासून एकेक पान उलटलं. तुळसाबाईच्या नावाचा कागद नव्हता.

"आवक नाही, मामा," मी म्हटलं.

"आवक न्हाई म्हंजे? कागद काय हवेत इरला, आवकताई?"

भर मंडपात, एवढ्या माणसांसमोर! माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एक नंबर कधी चुकला नव्हता. मला रडू फुटत होतं आणि रागही येत होता, आणि राग जिंकला. मी रजिस्टर त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं आणि म्हटलं, "एक पान फाटलेलं दाखवा. आत्ता राजीनामा लिहिते."

"तिच्यावर काहून चिडून राह्यले?" तुळसाबाई मध्येच म्हणाली. "तिला कवा देल्ला म्या? तुमच्या हातात देल्ला. तुमच्या मळ्यात. हळद शिजून राह्यली व्हती, तुमी कढईपाशी व्हते. सोमवारी हापिसात देतो म्हनले. मामीनं च्या बी पाजला."

मामांनी ती लाल डायरी उचलली. मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कप्पा होता, त्यात बोटं घातली आणि चार घड्या घातलेला एक कागद बाहेर काढला. उलगडला. वरच्या कोपऱ्यात एक पिवळा ठसा होता आणि घडीवर दुसरा.

आधी एक जण हसला, मग सगळा मंडप हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी तो अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि म्हणाले, "हा कागद कोनच्याच टेबलावर अडकला न्हाई. माझ्यापाशी अडकला. दुसऱ्याचा उशीर ज्या वहीत लिव्हतो, तिच्यातच." मग उठले, आधी तुळसाबाईपुढं आणि मग माझ्यापुढं हात जोडले. "माफ करा, ताई. आन् नेम त नेमच हाय. उद्या सकाळी मी तुळसाबाईच्या दारात."

मी ठरवलं होतं, निदान आठ दिवस तरी त्यांच्याशी बोलायचं नाही. संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही. जाताना ते म्हणाले, "ताई, उद्या शिक्का घेऊन या. कागद आधी आवक झाला पाह्यजे. मंग बाकीचं." आणि मी हो म्हणून बसले.

सकाळी आम्ही खांबेवाडीला पोचलो तेव्हा तुळसाबाई काट्यांच्या कुंपणातून मेंढरं बाहेर काढत होती. मामा हात जोडून बोलायला लागले तर म्हणाली, "उभ्यानं ऐकायला टाइम न्हाई. मेंढरं तहानली हायेत. चालता चालता सांगा." आमदार मेंढरांच्या मागून चालत उशिराचं कारण सांगू लागले. कारण असं काही नव्हतंच. विसरलो, एवढंच ते म्हणाले, आणि ते फार वेळ पुरलं नाही. तळ्यावर पोचल्यावर त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं झाली होती.

"आता मला येढ्याच्या वाटेनं जाऊन पाहू द्या," ते म्हणाले. "जिकडून चर झाल्यावर यावं लागंल तिकडून."

"जा की. पर रिकाम्या हातानं जाऊ नका. रिकाम्या हातानं कळत न्हाई." असं म्हणून तुळसाबाईनं एक कोकरू उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

आम्ही पुन्हा कुंपणापाशी गेलो आणि तिथून वेढ्याच्या वाटेनं निघालो. मामा पुढं, कोकरू त्यांच्या छातीशी, आणि मागं मी, चप्पल घालून, काखेत रजिस्टर, हातात शिक्का आणि शाईची डबी. माझ्या पायांचं काय झालं ते सांगत नाही. कोकरू सगळ्या वाटेवर ओरडत होतं. अर्ध्यात मामांनी ते एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, मग परत पहिल्या खांद्यावर. तळं दिसलं तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि धाप लागली होती. तुळसाबाई बाभळीखाली बसून आमची वाट बघत होती.

"सव्वा तास," मामा घड्याळ बघून म्हणाले.

"गाभन मेंढीला दोन."

मामा तिच्याशेजारी जमिनीवर बसले, गडवाभर पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "नकाशा काढला तवाच काहून न्हाई सांगितलं, बाई?"

"मी हितंच व्हते. तुमी सायबांला घेऊन गाडीतून आलते. गाडीतूनच हात दाखवला, आन् गेले. खाली उतरलेच न्हाई."

मामा मांडीवरच्या कोकराच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिले. पांढऱ्या लोकरीवर पिवळे पट्टे उठले. मला त्या वेळी त्यांची फार दया आली आणि त्यांच्याबद्दल फार अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

मग मी तिथंच, गुडघ्यावर, तुळसाबाईच्या अर्जावर शिक्का मारला. मामांनी मला शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लावलं: 'विलंब - आमदार.' मी म्हटलं, असं रजिस्टरला लिहीत नाहीत. ते म्हणाले, "आता लिव्हतात."

मशीनवाल्याला, वाट जिकडून जात नव्हती त्या दोन बाजू आधी खणायला सांगितल्या. उरलेल्या दोन बाजूंचा नकाशा बदलायचा होता, आणि मधून, दोन्ही कडांना चर घेऊन, वाटही सोडायची होती. वाट किती रुंद ठेवायची, असं मामांनी विचारलं. तुळसाबाई म्हणाली, "सात मेंढरं एका टायमाला गेले पाह्यजे. बाजूनं कुत्रं." सात मेंढ्या आडव्या उभ्या करून मामांनी दोरीनं माप घेतलं. नकाशावर ते मीटरमध्ये लिहिलं गेलं, पण गावात त्या वाटेला आजही सात मेंढरांची वाट म्हणतात. उठता उठता तुळसाबाईनं आणखी एक गोष्ट सांगितली. वाटेच्या दोन्ही कडांना बाभळीच लावा, शेंगा मेंढरं खातील आणि लेंड्या तुमच्या झाडांना. मामांनी हेही डायरीत लिहून घेतलं.

ऑफिसात येऊन मामांनी घाईघाईत शिफारसपत्र लिहिलं आणि हिंगोलीला जायला पळत सुटले. मी खिडकीतून हाक मारली.

"मामा, तारीख नाही!"

जीप सुरू झाली होती. ती बंद झाली. मामा परत आले, तारीख टाकली, माझ्याकडे न बघता कागद पुढं केला, आणि मी शिक्का मारल्यावर तो घेऊन गेले. पुढचे दोन दिवस ते जिल्ह्याच्या ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपलाच कागद घेऊन, प्रत्येक रांगेत शेवटी, उभे राहिले. आमच्या बांधकामातला तो बाबू बदलून तिकडंच गेला होता. त्यानं मामांना पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हात दाखवा." मामांनी दोन्ही हात पुढं केले. बाबूनं स्वतः उठून कागद साहेबांपर्यंत नेला. उरलेल्या बाजू खणायच्या आदल्या दिवशी नवा नकाशा आला. तुळसाबाईची एकही मेंढी विकली गेली नाही.

पुढच्या अधिवेशनात मामा या विषयावर बोलले. गायरानात झाडं लावायच्या कोणत्याही नकाशावर आधी जनावरांची पाण्याची वाट दाखवा आणि मगच मंजुरी द्या, एवढीच मागणी होती. त्याचा कायदा काही झाला नाही. पण आमच्या जिल्ह्यात तशी पद्धत पडली, आणि प्रत्येक नकाशावर त्या वाटेची बारीक तुटक रेघ दिसायला लागली. माझ्याकडे असा नकाशा आवक झाला की मी ती रेघ आधी शोधायची.

नंतरच्या निवडणुकीत मामा पडले. ऑफिसात आम्ही दोन दिवस तोंडं पाडून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी मामा स्वतः आले, त्याच बाकड्यावर बसले, रांगेत उभे राहिले आणि माझ्यापुढं एक अर्ज ठेवला, शाळेच्या मागच्या नालीबद्दलचा. कोपऱ्यात पिवळा ठसा होता आणि तारीख मोठ्या अक्षरात टाकलेली. "आता डायरी तुमच्यापाशी ठिवा, ताई," ते हसत म्हणाले. मी ठेवली नाही. ज्याची त्याच्याकडंच शोभते, असं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

मी निवृत्त झाले आणि नांदेडला लेकीकडं राहायला गेले. गेल्या उन्हाळ्यात हट्ट्याला नात्यातल्या लग्नाला एसटीनं निघाले होते. खांबेवाडीच्या शिवाराजवळ गाडी अचानक थांबली. ड्रायव्हर चडफडायला लागला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

रस्त्याच्या मधोमध एक माणूस हाताचा पंजा उभारून आमची गाडी अडवून उभा होता. पंजा पिवळा होता. त्याच्या मागून मेंढरं रस्ता ओलांडत होती, सात-सात. त्यांच्यामागं काठी टेकत तुळसाबाई, आधीपेक्षा वाकलेली, आणि आवाज मात्र तोच. "सरका की मामा, मधीच काहून उभे! मेंढरं बुजतात." मामा घाईनं बाजूला सरकून बोरीच्या काट्यात जाऊन उभे राहिले, शेवटचं कोकरू जाईपर्यंत. त्यांच्या मागं गायरानात झाडं दिसत होती. बाभळी चांगल्याच उंच झाल्या होत्या आणि त्यांच्यामधून ती वाट सरळ तळ्याकडं गेली होती.

"कोन हाय बे हे म्हातारं?" ड्रायव्हर कंडक्टरला म्हणाला. दोघंही नवीन होते, त्यांना माहीत नव्हतं. मी "मामा!" म्हणून हाक मारली, पण गाडी सुरू झाली होती आणि आवाज त्यात बुडाला. तरी त्यांनी मला पाहिलं. चेहरा एकदम फुलला. त्यांनी मनगट उलटं करून घड्याळाकडं बोट दाखवलं, तळ्याकडं दाखवलं, आणि मग दोन्ही हात वर करून दहाही पिवळी बोटं उघडली. मिटली. आणि पुन्हा एकच बोट वर केलं.

"काय म्हनून राह्यला तो?" ड्रायव्हरनं आरशातून मला विचारलं.

"अकरा," मी म्हटलं. "पूर्वी बारा मिनिटं लागायची."

त्याला काही कळलं नाही. मी पदरानं डोळे पुसले आणि ती पिवळी बोटं दिसेनाशी होईपर्यंत मागं वळून बघत राहिले.